घरच्या फायबर ब्रॉडबँडचा अनुभव: वेगाला चार तारे, कराराला दीड

चिपळूणला घरून जीएसटीची विवरणपत्रं भरून देण्याचं काम मी करते. गिऱ्हाइकं म्हणजे किराणावाले, एक हार्डवेअर, औषधांची दुकानं, एक काजूवाला. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास घरात नेट नसेल तर विवरणपत्र चुकतं, आणि चुकलं की दुकानदाराला दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क. कर भरायचा राहिला असेल तर वर वार्षिक १८ टक्के व्याज. त्यामुळे फायबरची जोडणी घेताना कुठलं ओटीटी फुकट मिळतंय याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. लिहून फारसा उपयोगही नाही, कारण नंतर दुसऱ्या कंपन्यांच्या अटी काढून वाचल्या तर फरक मुख्यतः फॉन्टचा निघाला.

आधी चांगलं ते सांगते. जोडणीला आलेला मुलगा कामाचा होता. २०२१ च्या जुलैच्या पुरानंतर आमच्या आळीत विजेची कुठलीही वस्तू खाली बसवत नाहीत. मी काही बोलायच्या आत त्यानेच विचारलं, "ताई, पाणी कुठवर आलेलं?" आणि मी दाखवलेल्या खुणेच्या हातभर वर राउटरचा डबा ठोकला. पैसे भरल्यावर सात दिवसांत जोडणी चालू करायची असा नियम आहे. माझी त्याच्या आधीच झाली. प्लॅन १०० एमबीपीएसचा. लॅपटॉपला केबल लावून मोजलं तर ९४ च्या आसपास मिळतो, दिवसा आणि रात्रीही. वायफायवर पुढच्या खोलीत ६०-७०, आणि मागच्या खोलीत कधी १५ तर कधी तेवढाही नाही. त्यात कंपनीचा दोष नाही. आमचं घर चिऱ्याचं, भिंती दीड फुटाच्या, त्यांच्यातून सिग्नल काय जाणार! कोकणात जुन्या घरात नेट घेणाऱ्यांनी डबा कुठे बसवायचा हे तार आत यायच्या आधी ठरवावं. एकदा भिंतीला भोक पडलं की तो मुलगा दुसरं पाडायला तयार होत नाही.

'अनलिमिटेड' डेटाला महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा आहे. ती ओलांडली की वेग उतरतो. माझी विवरणपत्रं आणि सासूबाईंच्या मालिका मिळून आम्ही तिच्या जवळपासही जात नाही, तेव्हा तक्रार नाही. पण हा आकडा जाहिरातीत कुठे नव्हता, करारात होता. मर्यादा किती, ती संपेपर्यंत वेग किती आणि संपल्यावर किती, हे तिन्ही ग्राहकाला स्पष्ट सांगा, असे दूरसंचार नियामक ट्रायचे निर्देश २०१६ पासून आहेत. विचारल्यावर सांगितलं. विचारावं लागलं, म्हणून अर्धा तारा कापला.

वेगाबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. करारात लिहिलंय की १०० हा जास्तीत जास्त वेग आहे, किमान वेगाची हमी नाही. मग सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किती, हे बघितलं. २०१३ पासून ५१२ केबीपीएस होतं. २०२३ च्या जानेवारीत ते वाढवून २ एमबीपीएस केलं. म्हणजे उद्या माझ्या घरी ३ चा वेग आला तरी व्याख्येप्रमाणे ते ब्रॉडबँडच! माझा मुलगा यावर बराच वेळ हसला. मी वेगाचे स्क्रीनशॉट तारखेसकट एका फोल्डरमध्ये टाकायला सुरुवात केली.

आता कागदाकडे येते. या परीक्षणाचं खरं कारण तेच आहे.

सही टॅबवर घेतात. आधारचा ओटीपी, फोटो, मग "इथे बोट फिरवा ताई, झालं." मी म्हटलं, अटी कुठे आहेत? त्याने टॅबवर बोटाने सर्रकन वर सरकवून दाखवलं, रेल्वेच्या खिडकीतून स्टेशनचं नाव दिसावं तसं. पीडीएफ पाठवा म्हटल्यावर तो बिचारा गोंधळला. "कोणी मागत नाय ओ." मग त्याने साहेबाला फोन केला, साहेबांनी आणखी कोणाला केला, आणि संध्याकाळी ईमेलवर चौदा पानं आली. सगळी इंग्रजीत. जाहिरात मराठीत, फोनवर गळ घालणारी मुलगी मराठीत, आणि ज्यावर सही करायची ते इंग्रजीत. दुकानदारांचे करारमदार वाचणं हे माझं रोजचं काम असल्यामुळे मला जड गेलं नाही. पण शेजारच्या काकूंनी तीच सही डोळे झाकून केली होती, आणि त्यांच्या हातात एकही पान आलं नव्हतं.

त्या चौदा पानांतल्या मला खटकलेल्या अटी अशा. जोडणी 'मोफत', पण वर्षाच्या आत बंद केली तर जोडणीचे १,५०० रुपये अनामतीतून कापणार. कंपनी अटी केव्हाही बदलू शकते, बदल संकेतस्थळावर टाकला की तो मला कळला असं धरायचं, आणि मी नेट वापरत राहिले की माझी संमती. कंपनी कारण न देता सेवा बंद करू शकते, मला मात्र तीस दिवसांची नोटीस द्यायला हवी. राउटर कंपनीचा, पण बिघडला तर खर्च माझा, मग तो विजेने जळला तरी. (मे महिन्यात वळवाच्या वेळी आणि ऑक्टोबरात इकडे कशा विजा कडकडतात ते त्या मसुदा लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.) कोणत्याही कारणाने सेवा खंडित झाली तरी भरपाई नाही. आणि वाद झालाच तर लवाद, तोही दिल्लीत.

यातल्या बऱ्याच अटी कोर्टात टिकतीलच असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, 'अनुचित करार' अशी व्याख्याच आली आहे. अवाच्या सवा अनामत, झालेल्या नुकसानाच्या मानाने भलतीच मोठी दंडाची रक्कम, एकाच बाजूला वाजवी कारणाशिवाय करार मोडायची मुभा, ग्राहकाला गैरसोयीत टाकणारी अवाजवी अट, हे सगळं त्या व्याख्येत बसतं. फक्त अडचण अशी की अनुचित कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. पंधराशे रुपयांसाठी मुंबई कोण गाठणार? हे कंपनीलाही ठाऊक असणार.

सेवेत कमतरता असेल तर मात्र जिल्हा आयोग चालतो, आणि तो मी राहते त्या जिल्ह्याचा. दिल्लीच्या लवादाची अट त्याच्या आड येत नाही. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच एमार एमजीएफच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. ते प्रकरण घरबांधणीचं होतं, पण मुद्दा तोच.

या सगळ्याची गरज जुलैत पडली. महामार्गाच्या बाजूला खोदकाम चालू होतं, बहादूरशेख नाक्याकडे कुठेतरी. सकाळी डब्यावरचा 'लॉस'चा लाल दिवा लागला. लाल दिवा म्हणजे तारेतून प्रकाशच येत नाही, राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, काही फरक पडत नाही. तरी कॉल सेंटरवाला राउटर बंद करून चालू करा असंच सांगत राहिला. मी त्याला लाल दिव्याचं सांगितलं, त्याने मला पुन्हा बंद-चालूचं सांगितलं. शेवटी तक्रार नोंदवली, आणि मी डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागितला. "एसएमएस येईल मॅडम." आला नाही. पुन्हा फोन करून तोंडी लिहून घेतला. बहुतेकजण इथेच थांबतात, आणि पुढची सगळी इमारत या नंबरावर उभी असते. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला असा क्रमांक देणं कंपनीला बंधनकारक आहे. नंबर नसेल तर त्यांच्या लेखी तुम्ही फोनच केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी एसएमएस आला: आपली तक्रार सोडवली आहे. लाल दिवा तसाच. मी नवी तक्रार नोंदवली, नवा नंबर घेतला. तीही तशीच 'सुटली'. थ्री-बीची, म्हणजे जीएसटीच्या मासिक विवरणपत्राची, तारीख जवळ येत होती, मी मोबाइलच्या डेटावर विवरणपत्रं भरत होते, आणि पोर्टल ऐन वेळी कसं झोपतं हे या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. इकडे तार जोडणाऱ्या मुलाला मी व्हॉट्सॲपवर विचारलं, तेव्हा त्याचं उत्तर आलं: "ताई जेसीबीने मेन केबल तोडली, स्प्लायसिंगवाला रत्नागिरीत हाय, उद्या नाय तर परवा." स्प्लायसिंगवाला म्हणजे तुटलेली तार सांधणारा. तो निरोप मी जपून ठेवला. आठवडाभराहून जास्त काळ नेट बंद होतं. चालू झाल्यावर मी बंद दिवसांचे पैसे किंवा तेवढी मुदतवाढ मागितली. कॉल सेंटरने सांगितलं की पावसाळ्यात नैसर्गिक आपत्तीला भरपाई नसते, करार बघा.

करार मी बघितलेलाच होता. मी म्हटलं, जेसीबी हा काही देवाचा अवतार नाही. पलीकडून "होल्ड करा" आलं.

ट्रायचे सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेत. घरच्या तारेच्या जोडणीतला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला सूट द्यायची, महिन्याचं बिल भरणाऱ्याला आणि आगाऊ पैसे भरणाऱ्यालाही, असं त्यात आहे. याच नियमांत मोबाइलसारख्या सेवेसाठी आणखी एक तरतूद आहे: अख्ख्या जिल्ह्यात मोठा बिघाड होऊन तो २४ तासांहून जास्त चालला तर पोस्टपेडला भाड्यात सूट, प्रीपेडला मुदतवाढ. नैसर्गिक आपत्तीत कंपनीला सवलत आहे ती इथे. माझी केबल जेसीबीने तोडली होती, आणि तसं कंपनीच्याच माणसाने लेखी कळवलं होतं.

तरीही कॉल सेंटरकडून काहीच हललं नाही, तेव्हा अपील केलं. प्रत्येक कंपनीला अपिलीय प्राधिकारी नेमावा लागतो. हे ऐकलेला एकही माणूस मला त्या कॉल सेंटरवर भेटला नाही. एकाने तर "मॅडम, असं काही पद आमच्याकडे नाही" असं शांतपणे सांगितलं. संकेतस्थळाच्या अगदी तळाशी, राखाडी अक्षरांत, त्याचा ईमेल होता. अपिलाला शुल्क नाही, वकील लागत नाही. तक्रारीची मुदत टळली किंवा उत्तर पटलं नाही की ३० दिवसांच्या आत करायचं, आणि कंपनीने ३९ दिवसांत निकाली काढायचं. मी मराठीत एक पानभर लिहिलं: डॉकेट नंबर, तारखा, लाल दिव्याचे फोटो, 'सुटली' म्हणणारे एसएमएस, आणि तो जेसीबीचा निरोप. भावना वगैरे काही लिहिल्या नाहीत, जीएसटीच्या नोटिशीला उत्तर देताना जसं लिहिते तसं.

मुदतीच्या आत उत्तर आलं, अर्थात इंग्रजीत. बंद दिवसांहून थोडी जास्तच मुदतवाढ मिळाली. माफी नव्हती, ती मी मागितलीही नव्हती. पण याच बिघाडात आमच्या आळीतली बाकीची घरंही बंद होती, आणि त्यांना काहीही मिळालं नाही, कारण त्यांनी मागितलं नाही. हे मला अजून पटत नाही. बिघाड एक, तार एक, कंपनीच्या यादीत सगळ्यांची नावं आहेत, आणि सूट फक्त पत्र लिहिणारीला? मी काकूंसाठीही अर्ज लिहून दिला, पण त्यांच्याकडे डॉकेट नंबर नव्हता. त्यांनी फोन केला होता, भांडल्याही होत्या, नंबर मात्र घेतला नव्हता. तो अर्ज पडूनच आहे.

अपिलाच्या दिवसांत आमचे ओळखीचे एक वकीलकाका म्हणाले, "अगं, टेलिफोनचं ग्राहक मंचात चालतच नाही, कशाला जीव काढतेस." काकांचं म्हणणं एके काळी खरं होतं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसंच म्हटलं होतं. १८८५ च्या तार कायद्यातलं ७-ब हे कलम अशा वादांसाठी सरकारने नेमलेला लवाद सांगतं, म्हणून ग्राहक मंच नको, असा तो निकाल. पुढे कित्येक वर्षं कंपन्यांचे वकील तोच दाखवून तक्रारी उडवायचे. १६ फेब्रुवारी २०२२ ला न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात चित्र बदललं. अहमदाबादच्या एका ग्राहकाचा मोबाइल प्लॅन महिन्याला २४९ रुपयांचा होता, आणि २०१३ च्या अखेरीस त्याला एका महिन्याचं २४ हजारांहून जास्त बिल आलं होतं. ७-ब असलं तरी ग्राहक आयोगात जाता येतं, असा तीन न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल झाला. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही ग्राहक संरक्षण कायद्याखालचा हक्क अबाधित असल्याचं लिहिलंय. काकांना मी निकाल पाठवला. त्यांनी निळी खूण येऊ दिली, उत्तर दिलं नाही.

ट्रायला थेट तक्रार पाठवणारेही भेटतात. ट्राय नियम करतो, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. ते पत्र फिरून कंपनीकडेच येतं. टीडीसॅट हे दूरसंचार वादांचं न्यायाधिकरणही एकट्या ग्राहकाच्या अशा भांडणासाठी नाही. अपिलाने भागलं नसतं तर मी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला असता, आणि मग रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात ऑनलाइन तक्रार दाखल केली असती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. कंपनीने कदाचित मी घरगुती प्लॅनवर धंदा करते असं म्हटलं असतं. पण एकटीने घरात बसून पोटासाठी केलेलं काम आणि मोठा व्यापार यांत कायदाही फरक करतो, तेव्हा त्याची मला फार धास्ती नव्हती.

सासूबाईंच्या मोबाइलवर कधीतरी आपोआप भजनांची सेवा सुरू झाली होती आणि रोज पैसे कापले जात होते. तिथे १५५२२३ वर एक फोन केला आणि ती बंद झाली. मूल्यवर्धित सेवा सुरू करताना ग्राहकाची दोनदा संमती घ्यायची असते. सासूबाई म्हणतात, एकदाही विचारलं नाही. पण भजनं बरी होती. जाऊ दे.

तर तारे असे. वेग आणि स्थिरता चार. जोडणी करणाऱ्या माणसांना साडेचार, कारण पावसात खांबावर चढणारा तो मुलगा आणि रत्नागिरीहून आलेला स्प्लायसिंगवाला यांच्याशिवाय यातलं काहीच चाललं नसतं. कॉल सेंटरला एक. अपिलीय प्राधिकाऱ्याला साडेतीन, पत्ता नीट दाखवला असता तर चार दिले असते. कराराला दीड, त्यातला अर्धा पीडीएफ शेवटी का होईना पाठवल्याबद्दल.

घ्यायचं का, असं कुणी विचारलं तर आमच्या भागात सध्या यापेक्षा बरा वेग कुणी देत नाही, तेव्हा घ्या म्हणते. फक्त टॅबवर बोट फिरवायच्या आधी अटी ईमेलवर मागवा, अनामतीची पावती वेगळी घ्या, आणि राउटरचा फोटो त्याच्या मागच्या क्रमांकासह काढून ठेवा. परत करताना 'हा आमचा नव्हेच' म्हणाले तर तोच उपयोगी पडतो. आमच्या एका दुकानदाराला तसं म्हणाले होते.

माझी मुदत पुढच्या महिन्यात संपते. वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट, असा फोन रोज येतोय. मी तीनच महिन्यांचं भरणार आहे. वर्षाचं भरलं की सेवा बिघडली तरी पैसे त्यांच्याकडे अडकलेले, आणि मग माझं पत्र कितीही नीट लिहिलेलं असलं तरी त्यांना घाई नसते. फोनवरच्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मॅडम, सहा महिन्यांचं करा, मी एक महिना फ्री करून देते." मी तिला ते लेखी पाठवायला सांगितलंय.